ॲप निवडतं कोण?

संपादकांनी दिलेला विषय सरळ होता. मित्रमंडळींशी गप्पा मारायला व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टई यांपैकी कोणतं ॲप घ्यावं ते सामान्य वाचकाला कळेल असं लिहा, जमल्यास गुणांचा तक्ताही द्या. तक्ता अवघड नाही. नेटवर्किंग शिकवणाऱ्या माणसाला तो झोपेतही मांडता येईल. पण तो दिला की ही निवड आपल्या हातात आहे असा वाचकाचा समज होईल, आणि ती तशी नाही. मालेगावात (वाशिम जिल्ह्यातल्या, हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो) सोयाबीनचा भाव, शाळेचा गृहपाठ, नगरपंचायतीची पाण्याची सूचना, हिंजवडीत नोकरीला असलेल्या पोराचा फोटो, लग्नाची पत्रिका हे सगळं एकाच हिरव्या ॲपवर येतं. तुलना करून ते कुणीच घेतलेलं नाही. ज्याच्याशी बोलायचं तो तिथे होता म्हणून आपण गेलो, आणि आपण गेलो म्हणून तिसरा आला. आठवडी बाजार भरतो तिथेच माल न्यावा लागतो. शेजारच्या गावात ओटे पक्के आहेत म्हणून कुणी एकटा तिकडे पाटी मांडून बसत नाही.

मग पहिला माणूस तिथे का गेला, याचं उत्तर मराठी माणसाला तरी एसएमएसमध्ये शोधावं लागतं. रोमन लिपीतल्या एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत लिहायला घेतलं की फक्त 70. आणि ही 70 म्हणजे आपण मोजतो ती अक्षरं नव्हेत. प्रत्येक मात्रा, प्रत्येक वेलांटी, जोडाक्षरातला प्रत्येक हलन्त वेगळी जागा खातो. ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्या तीन शब्दांनी 28 जागा जातात. खाली घरातल्या सगळ्यांची नावं घातली की दुसऱ्या एसएमएसचे पैसे सुरू. त्यावर कडी म्हणजे सणासुदीला कंपन्या एसएमएसच्या सवलती बंद ठेवत, म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त निरोप जायचे नेमके त्याच दिवशी पूर्ण दर. व्हॉट्सॲप 2009 मध्ये निघालं, नोकियाच्या साध्या फोनांवरही चालू लागलं, आणि त्याला अक्षरं मोजायची गरज नव्हती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं तेव्हा डेटा इतका स्वस्त झाला की उरलेली शंकाही संपली. 2018 मध्ये व्हॉट्सॲप जिओफोनवरही आलं. गुप्तता, गुणवत्ता, स्वदेशी-परदेशी यांपैकी कशाचाही या निवडीत भाग नव्हता. मराठीत लिहिणं महाग होतं, ते फुकट झालं.

निवड आपल्या हातात नाही याचा पुरावा जानेवारी 2021 या एकाच महिन्यात सापडतो. व्हॉट्सॲपनं गोपनीयतेच्या नव्या अटी जाहीर केल्या, देशभर गदारोळ झाला, लोक सिग्नलवर इतके तुटून पडले की त्याचे सर्व्हर कोलमडले आणि सेवा दिवसभर बंद राहिली. त्याच महिन्यात हाइक हे भारतीय ॲप बंद पडलं, ज्याच्या स्टिकरांवर कधीकाळी कॉलेजची पोरं लट्टू होती. आणि त्याच महिन्यात झोहो या भारतीय कंपनीचं अरट्टई बाजारात आलं. पुढे काय झालं? व्हॉट्सॲपनं अटींची मुदत 8 फेब्रुवारीवरून 15 मेपर्यंत ढकलली, लोकांचा राग तेवढ्यात निवला. सिग्नल बऱ्याच फोनांत राहिलं, पण कुलूप लावलेल्या खोलीसारखं. भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर 2024 मध्ये या अटींसाठी व्हॉट्सॲपच्या मालक मेटा कंपनीला 213.14 कोटींचा दंड केला, कारण वापरणाऱ्यापुढे ‘मान्य करा नाहीतर बाहेर पडा’ एवढाच पर्याय ठेवला होता. अपिलात वर्षभरानं दंड कायम राहिला, माहितीच्या वाटपावरची पाच वर्षांची बंदी मात्र उठली. आयोगाचं म्हणणं सोप्या शब्दांत हेच की बाहेर पडायला दार आहे, पण बाहेर कुणी नाही.

आता सुरक्षिततेबद्दल, कारण वाचकाला तेच हवं असतं आणि गैरसमजही तिथेच माजलेत. तीन टिक दिसल्या म्हणजे मेसेज सरकारनं वाचला, हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय आणि चांगले शिकलेले लोक तो पुढे ढकलतात. अशी टिकच नाही. 2016 पासून व्हॉट्सॲपच्या मेसेजना टोकापासून टोकापर्यंत कुलूप असतं. ते सिग्नलच्याच तंत्रावर चालतं, त्यात पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनांखेरीज किल्ली कुणाकडेच नसते, आणि जवळजवळ प्रत्येक मेसेजला ती बदलते, म्हणजे एखादी हाती लागली तरी मागचे मेसेज त्यातून उघडत नाहीत. त्यामागचं गणित फार देखणं आहे, पण थांबतो. यावर हमखास प्रश्न येतो: मग 2020 मध्ये मुंबईतल्या अमली पदार्थांच्या तपासात कलाकारांच्या चॅट वाहिन्यांवर कशा झळकल्या? कुलूप असतं ते वाटेतल्या मेसेजला. फोनच तपासयंत्रणेच्या हाती गेला, किंवा बॅकअप उघडा राहिला, तर वाटेतल्या कुलपाचा काय उपयोग? बॅकअपला कुलूप लावायची सोय व्हॉट्सॲपनं 2021 मध्ये दिली, ती बहुतेकांनी सुरूच केलेली नाही. टेलिग्रामची गोष्ट उलटी. ते गुप्ततेचं ॲप म्हणून मिरवतं, पण तिथल्या साध्या चॅटला असं कुलूप नाहीच. ‘सिक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावी लागते आणि ग्रुपला ती सोय नाही. सिग्नल या बाबतीत खरंच वेगळं आहे. कुणी कुणाशी, कधी, किती वेळा बोललं याची नोंदही ते ठेवत नाही. अमेरिकेतल्या न्यायालयीन समन्सवर 2016 मध्ये खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं एवढंच सिग्नल देऊ शकलं. म्हणजे तक्त्यात सिग्नल पहिलं येईल. पण तुमची मावशी त्यावर येणार नाही, आणि मावशीशी बोलायला हवं असेल तर त्या पहिल्या नंबराचं करायचं काय?

या धंद्यातल्या माणसाला खरी बोचणारी गोष्ट पुढची आहे. गप्पांची ॲपं एकमेकांशी बोलूच शकत नाहीत, असा काही निसर्गनियम नाही. 1999 मध्ये जॅबर नावाची खुली पद्धत निघाली. पुढे ती एक्सएमपीपी या नावानं 2004 मध्ये इंटरनेटचं अधिकृत मानक झाली. ईमेलसारखीच तिची रचना होती: तुमचा सर्व्हर वेगळा, माझा वेगळा, तरी निरोप पोचायचा. गुगल टॉक 2005 मध्ये याच पद्धतीवर उभं राहिलं आणि पुढच्या वर्षी त्यानं बाहेरच्या सर्व्हरांना दारं उघडली. फेसबुकच्या चॅटलाही काही वर्षं हीच भाषा समजत होती. आणि व्हॉट्सॲप? तेही सुरुवातीला एक्सएमपीपीच्याच खुल्या सॉफ्टवेअरवर बांधलेलं, आपल्या सोयीनं बदलून घेतलेलं. 2013 मध्ये गुगलनं हँगआउट्स आणलं आणि बाहेरच्यांना दार लावलं, 2015 मध्ये फेसबुकनंही तेच केलं. गरज सरो, वैद्य मरो. यात तांत्रिक अडचण होती असं कंपन्यांनी सांगितलं. काही अडचणी खऱ्याही होत्या, भुरट्या जाहिरातींचा त्रास तर नक्कीच. पण ईमेलनं तोच त्रास सोसून दारं उघडी ठेवली. ज्याच्याकडे लोक जास्त, त्याला दार उघडं ठेवण्यात तोटा असतो. बाकी कारणं नंतर जुळवता येतात.

आणि आपल्या देशात तरी हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. यूपीआय 2016 पासून चालू आहे. फोनपेवाला गुगल पेवाल्याला पैसे देतो, बँक कोणतीही असो. खुद्द व्हॉट्सॲपमधूनही यूपीआयनं पैसे पाठवता येतात. म्हणजे त्या हिरव्या ॲपमधून दुसऱ्या ॲपवरच्या माणसाला पाचशे रुपये जातात, पण ‘पोचलो’ एवढा शब्द जात नाही! यूपीआयमध्येही फोनपे आणि गुगल पे या दोघांचाच वाटा प्रचंड आहे, हा आक्षेप बरोबर आहे. पण तिथे उद्या कुणी ॲप बदललं तर त्याचा कोपऱ्यावरचा किराणावाला तुटत नाही. प्रश्न मोठ्या कंपनीचा नाही, सोडून जाण्याच्या किमतीचा आहे.

ॲपांची अशी जोडणी केली तर कुलूप तुटेल, हा आक्षेप अधिक गंभीर, आणि तो खुद्द सिग्नलचाच आहे: दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून मेसेज गेला की कोण कुणाशी बोललं ही नोंद तिथे उरणार. हे मला मान्य करावंच लागतं. युरोपच्या कायद्यानं मार्च 2024 पासून व्हॉट्सॲपवर जोडणीची सक्ती केली, ती प्रत्यक्षात सुरू व्हायला नोव्हेंबर 2025 उजाडलं, आणि जोडली गेली ती बर्डीचॅट आणि हायकेट ही फारशी कुणाला माहीत नसलेली दोन ॲपं. हे यश म्हणवत नाही. पण मेसेजचं कुलूप शाबूत ठेवून दोन कंपन्या जोडता येतात, एवढं त्यातून सिद्ध झालं. नोंदींचा धोका ज्याला नको त्यानं जोडणीचं बटण बंद ठेवावं.

दुसरा आक्षेप अफवांचा. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. अशा हत्यांच्या मालिकेनंतर व्हॉट्सॲपनं त्याच महिन्यात भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. जोडणी झाली तर अशी मर्यादा कोण लावणार, हा रास्त प्रश्न आहे; ती मानकातच लिहावी लागेल. मात्र मेसेज मुळात कुणी लिहिला ते शोधता यावं म्हणून कुलूपच काढा, असा याच घटनेवरून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. राईनपाड्यात माणसं मारणारे हात कुलपाआड नव्हते, भर बाजारात होते.

राहता राहिला स्वदेशीचा आग्रह. 2025 च्या दसऱ्याच्या सुमारास केंद्रीय मंत्र्यांनी शिफारस केल्यावर अरट्टईवर लोकांची झुंबड उडाली. ॲप वाईट नाही, कंपनी सचोटीची आहे. पण तेव्हा त्यातल्या कॉलना टोकापर्यंतचं कुलूप होतं, साध्या लिखित मेसेजना नव्हतं. आणि मालक बदलला म्हणून भिंतीचं दार होत नाही. मालेगावातली माणसं उद्या सगळीच्या सगळी तिकडे गेली तरी पुढच्या ॲपच्या वेळी हाच पेच उभा राहील. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय जानेवारी 2011 मध्ये देशभर आली, तीसुद्धा कंपन्यांच्या खुशीनं नव्हे, दूरसंचार नियामक ट्रायच्या सक्तीनं. त्याच ट्रायनं जुलै 2023 मध्ये इंटरनेटवरच्या संदेशसेवांबद्दल सल्लामसलत सुरू केली. ती फिरली प्रामुख्यानं दोन गोष्टींभोवती: या ॲपांना परवाना लावावा का, आणि दंगलीच्या वेळी पूर्ण इंटरनेट बंद करण्याऐवजी नेमकी हीच ॲपं बंद करता येतील का.