गेमचा रावी कोण?

गेल्या ईदची सगळी ईदी माझ्या मुलाने एका व्हिडिओ गेमवर उडवली. एका यूट्यूबरने त्या गेमची इतकी तारीफ केली होती की साहेबांनी त्याच रात्री तो विकत घेतला. आमचा कॉम्प्युटर जुना. गेम अडखळत चालायचा, मध्येच बंद पडायचा. चार दिवस पोरगा कुणाशी धड बोलला नाही.

यंदा ईदी हातात पडल्यावर तो माझ्याकडे आला. ‘‘अम्मी, एक जण म्हणतो दहापैकी नऊ, दुसरा म्हणतो भंगार. खरं कुणाचं मानायचं?’’

मला गेममधलं काही कळत नाही, पण प्रश्न ओळखीचा वाटला. हदीस गोळा करणाऱ्या आलिमांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी नुसता मजकूर पाहिला नाही, सनदही तपासली. सांगणारा कोण, त्याने कुणाकडून ऐकलं, दोघांची भेट झाली असेल का, तो सच्चा आहे का, त्याचं स्मरण पक्कं आहे का. मी म्हटलं, ‘‘चल, तुझ्या रावींची चौकशी करू.’’

पहिला प्रश्न, सांगणाऱ्याला यातून काय मिळतं? दुसरा, तो किती खेळलाय? स्टीमवर अभिप्रायासोबत खेळलेले तास दिसतात, गेम फुकट मिळाला असेल तर तशी नोंदही असते. आम्ही अर्धा तास खेळून फैसला देणारे बाजूला काढले.

तिसरा प्रश्न मुलानेच काढला: खेळला कशावर? त्याने मला ‘सायबरपंक 2077’ची गोष्ट सांगितली. डिसेंबर 2020 मध्ये हा गेम आला, त्याआधी समीक्षकांना फक्त कॉम्प्युटरवरची आवृत्ती दिली गेली होती. त्यांनी भरभरून लिहिलं. पण जुन्या प्लेस्टेशन 4 वर तो इतका वाईट चालला की आठवड्याभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. समीक्षक खोटं बोलले नव्हते. लोकांनी विकत घेतलेली चीज त्यांनी पाहिलीच नव्हती. म्हणजे रावी सच्चा असून भागत नाही, तो त्या जागी हजरही असावा लागतो.

शेवटी आमच्यासारखाच जुना कॉम्प्युटर असलेला एक खेळाडू सापडला. चाळीस तास खेळलेला. त्याची तक्रार होती की गेममध्ये वाचायला फार लागतं. मुलगा खूश झाला, त्याला तेच आवडतं. कारण सांगणारी टीका अशी कामाला येते. शिवाय स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर गेम परत करता येतो. तेवढी खात्री ठेवून त्याने पैसे भरले.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘अम्मी, परवा तू खानदानच्या ग्रुपवर शुगरच्या काढ्याचा मेसेज टाकलास. त्याचा रावी कोण?’’

मला उत्तर देता आलं नाही. तो कुणीतरी मला पाठवलेला, मी पुढे ढकललेला. शाळेत वर्षानुवर्षं मुलांना ‘हे कुठे वाचलंस?’ विचारणारी मी!

त्याच संध्याकाळी खालाला फोन केला. काढा सुरू झाला होता आणि गोळ्या बंद करण्याचा विचार चालला होता. ‘‘गोळ्या बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा,’’ म्हटलं. ग्रुपवरही लिहिलं की खात्री न करता पाठवला, माफ करा.