फावडे जिथे थांबते

अमेरिकेत खेड्यातला जुना पूल पाडून नवा बांधायचा असेल आणि त्यासाठी केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागत असेल, तर त्या कामाचा ऐतिहासिक स्थळांवर काय परिणाम होईल, हे आधी तपासावे लागते. राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्याचे (१९६६) कलम १०६ तसे सांगते. जुने नकाशे पाहणे, राज्याच्या वारसा कार्यालयाशी व संबंधित मूलनिवासी जमातींशी विचारविनिमय, जमीनमालकाची परवानगी आणि मग प्रत्यक्ष पाहणी, असा साधारण क्रम असतो.

पाहणीत बहुधा १५ मीटरच्या अंतराने फावड्याने लहान खड्डे घेतात. माती सुमारे ६ मिलिमीटरच्या जाळीतून चाळतात आणि थरांचे रंग मुन्सेलच्या रंगपुस्तिकेशी ताडून नोंदवतात. चाळणीत दगडी हत्यारांच्या कपच्या, आगीने तडकलेले दगड, खापरे, खिळे येतात. खिळ्यांवरूनही काळ कळतो: कापीव चौकोनी खिळा साधारण एकोणिसाव्या शतकाचा, तारेचा गोल खिळा १८९० नंतर सर्रास झाला.

खरी अडचण पूरमैदानात येते. पूर्व अमेरिकेतल्या ओढ्यांवर १८४० च्या जनगणनेनुसार पाण्यावर चालणाऱ्या ६५,००० हून अधिक गिरण्या होत्या. गिरणीच्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला. भूवैज्ञानिक रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स यांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की काठची आज नैसर्गिक वाटणारी सपाट जमीन अनेक ठिकाणी हाच १ ते ५ मीटर जाडीचा गाळ आहे. मूळची जमीन, म्हणजे माणसे जिच्यावर वावरली ती, त्याच्याखाली आहे. फावड्याचा खड्डा मात्र जेमतेम मीटरभर जातो. डेलावेअर नदीकाठची शॉनी-मिनिसिंक येथील १२,००० वर्षांहून जुनी वस्तीही नदीच्या गाळाखाली खोलवरच मिळाली.

पेनसिल्व्हेनियातली एक पाहणी प्रस्तुत लेखकाला अजून सलते. सगळ्या खड्ड्यांत तोच फिका, पातळ थरांचा गाळ होता. तळातून हाताने गिरमिट घातले, तर खाली काळी, सेंद्रिय माती लागली. गाडलेली जुनी जमीन ती हीच. यंत्राने एक चर खणून द्यावा, भूरूपतज्ज्ञाने तो पाहावा, अशी मागणी केली. उत्तर आले की ठरलेले खड्डे झाले आहेत आणि त्यांत काही मिळालेले नाही. अहवालात ‘अवशेष नाहीत’ असे छापले गेले. अवशेष नाहीत आणि अवशेषांपर्यंत पोहोचलोच नाही, या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अहवालाने ते पुसून टाकले. पुढे पुलाच्या टेकूसाठी पाया खणला, तो त्याच काळ्या थरातून आरपार गेला. त्यात काय होते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

तरीही पूल अडवून ठेवावा, असे म्हणवत नाही. १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे दगावली. देशभर पुलांच्या तपासणीचे नियम त्यानंतर आले. वजनबंदीचा फलक लागलेल्या पुलामुळे शाळेची बस आणि अग्निशमनाची गाडी लांबून जाते, तेव्हा गावकऱ्यांची घाई रास्तच असते. पण छोट्या पुलापाशी असा चर खणून, पाहून, नोंदवून बुजवायला एखादा दिवस पुरतो. गाळाच्या मैदानात तो खणल्याशिवाय दिलेला ‘अवशेष नाहीत’ हा निर्वाळा वारसा कार्यालयांनी स्वीकारू नये.