प्रेमापुढे हरलेला गॅलस

परवा एका तरुण कार्यकर्त्यानं मनगटावरचा ताजा टॅटू दाखवला. लॅटिन अक्षरं. अर्थ असा की प्रेम सगळ्यांवर मात करतं. "साहेबांसाठी काढलाय," म्हणाला.

हे वचन रोमन कवी व्हर्जिलच्या दहाव्या गोपगीतातलं. आज ते अंगठ्यांवर, लॉकेटांवर दिसतं, म्हणून विजयाची घोषणा वाटते. मूळ कवितेत मात्र ते हरलेल्या माणसाच्या तोंडी आहे. त्याची लायकोरिस दुसऱ्याबरोबर निघून गेलीय आणि तो प्रेमापुढे शरण जातोय.

आणि हा माणूस काल्पनिक नाही. कॉर्नेलियस गॅलस. स्वतः कवी, सेनानी, व्हर्जिलचा मित्र. इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात आलं, तेव्हा ऑगस्टसनं (तेव्हाचा ऑक्टेव्हियन) तिथला पहिला कारभारी म्हणून यालाच नेमलं. पुढची गोष्ट कॅसियस डिओ या इतिहासकारानं लिहून ठेवलीय. गॅलसनं इजिप्तभर स्वतःचे पुतळे उभे केले, पिरॅमिडवर आपले पराक्रम कोरून घेतले. फिले बेटावर सापडलेला त्याचा इ.स.पू. २९ चा शिलालेख तर चित्रलिपी, लॅटिन आणि ग्रीक अशा तिन्हींत आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर चौकाचौकात फ्लेक्स!

मग लार्गस नावाच्या त्याच्याच जवळच्या माणसानं तक्रार केली. ऑगस्टसची मर्जी गेली. मर्जी गेलीय हे कळल्याबरोबर तक्रारदारांची रांगच लागली. सिनेटनं एकमतानं हद्दपारी आणि मालमत्ताजप्तीचा ठराव केला. वर या आनंदात देवाला बळी द्यायचंही ठरवलं. गॅलसनं त्याआधीच जीव दिला. सुएटोनियस सांगतो की ऑगस्टसच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्रांवर हवं तेवढंच रागवायची मुभा आपल्या एकट्यालाच नाही, असं तो म्हणाला म्हणे. म्हणजे साहेब थोडेसे रागावले होते. बाकीचं काम समर्थकांनी पुरं केलं.

कालपर्यंत गॅलसची हांजी हांजी करणारे आता लार्गसच्या मागे लागले. अपवाद एकाचा, प्रोक्युलियसचा. एकदा लार्गस समोर आला तेव्हा यानं नाकातोंडावर हात धरला. या माणसासमोर श्वास घेणंसुद्धा धोक्याचं आहे, हे लोकांना दाखवायला!

लॅटिनमध्येच आणखी एक म्हण आहे : 'ने क्विद निमिस'. कशाचाही अतिरेक नको. मूळ ग्रीक, डेल्फीच्या देवळावर कोरलेली. रोममध्ये इ.स.पू. १६६ साली टेरेन्सच्या नाटकात ती एका मुक्त झालेल्या गुलामाच्या तोंडी आली. खुद्द टेरेन्सही एकेकाळी गुलामच होता. आपली आजी हेच 'अति तेथे माती' म्हणून सांगायची.

वीसेक वर्षं गावचं राजकारण कव्हर करतोय. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. नेत्यासाठी दुधाचे अभिषेक घालणारे आणि तोच नेता पडल्यावर त्याच्या दारासमोर फटाके वाजवणारे, पुष्कळदा तीच पोरं असतात. प्रेमाला माप नसलं की तिरस्कारालाही उरत नाही. त्यात नेता सावरतो, पक्ष बदलतो, पुन्हा उभा राहतो. केस मात्र पोराच्या नावावर राहते. पुढे पोलीस व्हेरिफिकेशनला तीच आडवी येते.

म्हणून माझ्या तरुण मित्रांनो, नेता आवडत असेल तर खुशाल आवडू द्या. मत द्या, प्रचार करा. पण रस्त्याचं, पाण्याचं काय झालं, हेही त्याला विचारा. विरोधी गटातल्या दोस्ताच्या घरी चहाला जाणं सोडू नका. आणि ज्याच्यावर आज सगळे तुटून पडलेत, त्याच्याबद्दलचा मेसेज पुढे ढकलण्याआधी प्रोक्युलियसला एकदा आठवा.