मध्यस्तंभ
जपानमधील नारा प्रांतातला होर्यूजीचा पाचमजली पॅगोडा जगातील सर्वांत प्राचीन लाकडी वास्तूंमध्ये गणला जातो. सुमारे ३२ मीटर उंचीच्या या वास्तूची हातभर उंचीची प्रतिकृती आम्ही दोघांनी संचातील सुट्या तुकड्यांतून तीन महिने जुळवली. मूळ पॅगोड्याचा मध्यस्तंभ, वृक्षवलयांच्या अभ्यासानुसार, इ. स. ५९४ मध्ये तोडलेल्या झाडाचा. तो मजल्यांचा भार वाहत नाही. माथ्यावरचा कळस तेवढा पेलतो.

प्रतिकृतीचे शेवटचे छप्पर सुटे ठेवावे, म्हणजे विद्यार्थ्यांना तो स्तंभ दाखवता येईल, असे आमच्यातल्या एकाचे मत. वास्तू मिटल्याशिवाय पुरी होत नाही, असे दुसऱ्याचे. वर्गात कविता उसवून शिकवणाऱ्यांना हा वाद परका नाही. अखेर छप्पर चिकटवले. स्तंभाविषयी सांगता येईल. पॅगोडा मात्र ज्याचा त्यानेच पाहायचा.