दिवो पेटता, पण इंटरनेट येणा नाय



यूडायस, शालार्थ, मुलांची आधार पडताळणी, शिष्यवृत्तीचे फॉर्म. यातलं निम्मं काम शाळेत होत नाही, रात्री जेवणं आटपल्यावर घरच्या कॉम्प्युटरवर होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि नेमकं त्याच वेळी स्क्रीनच्या कोपऱ्यात 'नो इंटरनेट' येतं. अशा वेळी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते आज लिहिते आहे. मी आधी 'करायचं नाही' त्यातलंच सगळं केलं, म्हणून नीट सांगू शकते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नवोदयच्या ऑनलाइन फॉर्मचा शेवटचा दिवस. आमच्या पाचवीतल्या एका मुलीचा फॉर्म राहिला होता. आधार कार्डावरचं नाव दुरुस्त होऊन यायला उशीर झाला आणि सगळी कागदपत्रं त्याच दिवशी दुपारी माझ्या हातात आली. सिंधुदुर्गचं नवोदय आमच्याच सावंतवाडी तालुक्यात, सांगेलीला आहे. सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. आई काजूच्या फॅक्टरीत, वडील डंपरवर. पोरगी गणितात हुशार. म्हटलं, घरी जाऊन शांतपणे भरू.

इन्सुलीत त्या दिवशी पाऊस असा, की हायवेवरच्या गाड्यांचे आवाजसुद्धा ऐकू येत नव्हते. दुपारपासून वीज गेलेली. मोबाइलला जेमतेम एक दांडी, तीही येऊन-जाऊन. पण घरी इन्व्हर्टर आहे, मॉडेम आणि कॉम्प्युटर त्यावर चालतात, म्हणून मी निश्चिंत. फोटो, सह्या, मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र, सगळं स्कॅन करून ठेवलं. साडेसातला वेबसाइट उघडायला गेले तर काही नाही.

मग मी काय केलं? मॉडेम बंद करून चालू केला. परत केला. चौथ्यांदा केला. कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. ब्राउझर बदलला. कंपनीच्या नंबरवर फोन लावला, तिथे रेकॉर्ड केलेल्या आवाजाने तक्रार नोंदवून घेतली आणि ४८ तास सांगितले. मी त्या कंपनीला मनात जे काही म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. बांद्याला जावं तर साडेआठ वाजलेले, दुकानं बंद. तेवढ्यात मुलीच्या आईचा तुटक-तुटक फोन, "बाई, फॉर्म गेलो?" मी म्हटलं, "भरतेच आहे." खोटं बोलले.

सासूबाई माजघरात मॉडेमखालीच वाती वळत बसल्या होत्या. मी तिसऱ्यांदा येऊन मॉडेमकडे बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गो, दिवो पेटता मा? मगे काय झाला?"

"पेटतोय. लुकलुकतोय म्हणजे चालू आहे," मी म्हटलं.

"हो एकच दिवो इझता नि परत पेटता. बाकीचे गप आसत."

माझी मोठी चूक इथे होती, म्हणून जरा सविस्तर सांगते. फायबरच्या मॉडेमवर साधारण चार दिवे बघायचे. पॉवर म्हणजे वीज. पॉन स्थिर हिरवा असेल तर बाहेरून आलेली फायबर पलीकडच्या यंत्राशी जोडलेली आहे. लॉस लाल झाला तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, मग मात्र कंपनीलाच बोलवावं लागतं. चौथा लॅनचा, म्हणजे मॉडेमपासून आपल्या कॉम्प्युटरपर्यंतच्या वायरीचा. माहिती ये-जा करत असेल तर हा दिवा भराभर, कसाही लुकलुकतो. आमचा तसा लुकलुकत नव्हता. दोन-तीन सेकंद पूर्ण विझत होता, मग पेटत होता. म्हणजे वायर सुटत होती आणि जोडली जात होती. मी वरवर बघून 'चालू आहे' म्हणून टाकलं होतं. पॉन हिरवा होता, लॉस बंद होता. म्हणजे कंपनीचं इंटरनेट माझ्या माजघरापर्यंत व्यवस्थित येऊन उभं होतं, आणि मी दीड तास कंपनीला शिव्या देत होते!

कॉम्प्युटरनेही हेच सांगितलं होतं, मी वाचलं नव्हतं. काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' लिहिलं तर पत्ता आला १६९.२५४ ने सुरू होणारा. तुम्हाला कधी हा आकडा दिसला तर लक्षात घ्या: कॉम्प्युटरने 'मला पत्ता द्या' म्हणून हाक मारली, कोणीच ओ दिली नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला. एरवी मॉडेम जो पत्ता देतो तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. यानंतर 'पिंग'ने एकेक पायरी तपासता येते. आधी १२७.०.०.१, म्हणजे आपला कॉम्प्युटर स्वतःलाच हाक मारतो. मग मॉडेमचा पत्ता. मग बाहेरचा ८.८.८.८. शेवटी एखाद्या वेबसाइटचं नाव. आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, तर लाइन ठीक आहे, नावावरून आकडा शोधून देणारी सेवा, जिला डीएनएस म्हणतात, ती अडली आहे. माझ्याकडे पहिली पायरी चालली, दुसरीवरच गाडी थांबली.

वर्गात आपण हेच करतो की. वजाबाकी चुकणाऱ्या मुलाला 'लक्ष नाही' म्हणून मोकळे होतो. शेजारी बसून एक गणित बघितलं की कळतं, मधे शून्य आलं की हातचा घेताना गडबडतो, बाकी सगळं येतं. मुलांच्या बाबतीत मला हे कळायला पाच-सहा वर्षं गेली. वायरीच्या बाबतीत सासूबाईंनी सांगितल्यावर कळलं.

आता तुम्ही विचाराल, मॉडेमपर्यंत नेट होतं तर वायफायवर फॉर्म का नाही भरला? कारण वायफाय मीच बंद करून ठेवलं होतं. मुलगा अभ्यास सोडून रील्स बघत बसतो म्हणून मॉडेमच्या मागचं बटण दाबून टाकलेलं, त्याला महिना झाला होता आणि मी साफ विसरले होते. ते बटण दाबलं. यूएसबी वायरने स्कॅन केलेल्या फाइल्स मोबाइलमध्ये घेतल्या. फोटोचा आकार कमी करण्यात अजून वीस मिनिटं गेली. दहा वाजून पन्नास मिनिटांनी नोंदणी क्रमांक आला. तो मुलीच्या आईला मेसेज केला, पण नेटवर्कमुळे तो पहाटे पोचला.

वायर मात्र तशीच होती. रविवारी माझा एक जुना विद्यार्थी आला. बांद्यात टीव्ही केबलचं काम करतो. चौथीत पाढ्यांना टाळाटाळ करणारा हा मुलगा, वायरीतल्या आठ रंगांचा क्रम त्याने न बघता म्हणून दाखवला: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना टेस्टर लावला. एक ते आठ दिवे क्रमाने पेटायला हवेत. एक पेटला, मग एकदम तीन.

"बाई, दोन नंबर मेलो."

वायर सोळा मीटर. माजघराच्या खिडकीतून बाहेर पडते, भिंतीवरून जाते आणि खोलीच्या खिडकीतून आत येते. एप्रिलमध्ये मीच ती तशी घेतली होती, तेव्हा खिडक्या उघड्याच असायच्या. पावसात लाकूड फुगलं, झड आत येऊ लागली, आणि मी रोज संध्याकाळी खिडकी खांद्याने रेटून बंद करत होते. वायरीवर. चौकटीत ती अगदी चपटी झाली होती. वारा आला, खिडकी हलली, की केशरी तार सुटत होती.

नवी वायर आणायला रविवार बरा नव्हता. त्याने एक युक्ती केली, ती तुम्हाला उपयोगी पडेल. १०० एमबीपीएसच्या जोडणीला आठांपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६ नंबरच्या, म्हणजे केशरी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी रिकाम्याच असतात. माझ्या जुन्या कॉम्प्युटरचं पोर्ट १०० चंच आहे. त्याने दोन्ही टोकं कापली, केशरी जोडीच्या जागी तपकिरी जोडी घातली, केशरी तपकिरीच्या जागी टाकली, आणि क्रिंपरने नवे प्लग दाबले. दोन्ही टोकांना क्रम एकच हवा. गिगाबिटचं पोर्ट असेल तर आठही तारा शाबूत लागतात, तिथे हा जुगाड चालणार नाही.

मी एक प्लग स्वतः दाबायला घेतला आणि हिरवी जोडी ३-४ वर लावली, शेजारी-शेजारी बरी दिसते म्हणून. त्याने थांबवलं. तीन आणि सहा एकाच जोडीच्या हव्यात. दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेल्या की बाहेरची विद्युत गडबड दोघींवर सारखीच बसते आणि पलीकडे वजा होते. ही पिळाची कल्पना टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची, पेटंट १८८१ चं. जोडी फोडली तर टेस्टरचे आठही दिवे पेटतात, पण लांब वायरीवर नेट रडतं. "दिव्यार विश्वास ठेवूचो नाय, बाई," तो म्हणाला. मी गप्प बसले.

खिडकीच्या वर भिंतीत भोक पाडलं, बाहेरच्या बाजूने खाली उतरतं, म्हणजे पाणी आत येत नाही. वायरीला बाहेर एक झोल ठेवला, त्यावरून पाणी टपकून जातं.

मंगळवारी कंपनीचा माणूस भर पावसात मोटरसायकलवरून आला. रेनकोट पडवीत काढून मॉडेमसमोर उभा राहिला, दिवे बघितले, मीटर लावला. म्हणाला, "मॅडम, इथे तर सगळं ओके आहे. कंप्लेंटमध्ये काय लिहू?"

मी चहा टाकला.