बाण रुतेल तिथवर

बाण सुटतो आणि दूर गवतात जाऊन रुततो. तिथवर पळायची मुभा, मग मागून एकेक भालेवाला निघणार. पळणाऱ्याच्या पायांत काही नाही, हातात शस्त्र नाही. ‘द नेकेड प्रे’ (१९६५) या चित्रपटातल्या ह्या वाटाड्याला शेवटपर्यंत नावही मिळत नाही. तसा अपराध त्याचा नव्हताच. हस्तिदंतासाठी आफ्रिकेत आलेल्या मुजोर मालकानं तिथल्या टोळीला भेट द्यायचं नाकारलं, त्याची ही भरपाई.

मूळ गोष्ट आफ्रिकेतली नाहीच. जॉन कोल्टर हा बीव्हरसाठी सापळे लावणारा अमेरिकी माणूस. १८०९च्या सुमारास, आजच्या मोंटानात, ब्लॅकफूट लोकांनी त्याला पकडलं, नागवं केलं आणि पळायला लावलं. त्यानं मैलोन् मैल धावून मॅडिसन नदी गाठली, पाण्यात दडी मारली आणि पुढं कित्येक दिवस चालून ठाण्यावर पोचला. चित्रीकरण आफ्रिकेत स्वस्त पडत होतं, म्हणून कथा समुद्रापार गेली. हिशेबाच्या वहीनं मुलूख बदलला आणि मुलखानं गोष्ट. कोल्टरला पाण्यानं लपवलं होतं. इथं पाण्याच्याच शोधात जीव जातो.

दिग्दर्शक, निर्माता आणि पळणारा एकच: कॉर्नेल वाइल्ड. पन्नाशी उलटलेला, कधीकाळी पडद्यावर संगीतकार शोपँ साकारलेला गृहस्थ इथं उन्हात करपत साप मारून खातो. संवाद हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि ऑस्करचं नामांकन मिळालं ते नेमकं पटकथेला!

सुरुवातीचे छळाचे प्रसंग आज खुपतात. माणसाला मातीनं लिंपून भाजण्याचं दृश्य गोऱ्या प्रेक्षकाच्या जुन्या भयगंडाला खतपाणी घालण्यापलीकडं काही करत नाही.

पण पाठलाग सुरू झाला की हाच चित्रपट शहाणा होतो. पाठलाग करणारेही थकतात, भांडतात, मेलेल्या सोबत्यासाठी रडतात. त्यांची भाषा भाषांतराविना तशीच कानावर पडते. दुःख मात्र कळतं. दक्षिण आफ्रिकी अभिनेता केन गाम्पू त्यांच्या म्होरक्याच्या भूमिकेत आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रेंगाळतो तेव्हा नायक कोण, याचा क्षणभर विसर पडतो.

मधेच गुलामांचे व्यापारी एका गावावर तुटून पडतात. वाटाड्या एका मुलीला वाचवतो, दोघं काही काळ बरोबर चालतात, एकमेकांना गाणी शिकवतात. पाठलागाच्या हिशेबात हा फेरा निव्वळ वळसा. वाइल्डनं तो घेतला, हे बरं केलं.

शेवटी एका किल्ल्याच्या दाराशी पोचल्यावर वाटाड्या मागं वळून हात उंचावतो आणि म्होरक्या त्याला प्रतिसाद देतो. ही सलामी पटते, कारण तोवर दोघांचीही दमछाक आपण सारख्याच जवळून पाहिलेली असते.