मामींचा कान

दिवाळी अंकाची कथा लिहायची ती भर मे महिन्यात. मद्रासमध्ये ते अग्निनक्षत्राचे, ऐन उन्हाचे दिवस. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी ट्रिप्लिकेनमध्ये, पार्थसारथीच्या देवळाजवळच्या एका गल्लीत, माडीवरच्या खोलीत राहायचो. दुपारी गच्ची तापायची, म्हणून लिहिणं पहाटे. पाठकोऱ्या कागदांवर पहिला खर्डा व्हायचा, हटकून लांबायचा आणि ट्रंकेच्या तळाशी जायचा. जूनभर त्याच्याकडे बघायचं नाही. जुलैत बाहेर काढला की तो कुणा दुसऱ्याचा वाटायचा, आणि दुसऱ्याच्या लिखाणावर पेन्सिल चालवायला हात कचरत नाही.

पहिली कात्री सुरुवातीला. माझी कथा बहुधा दुसऱ्या पानावर सुरू व्हायची. त्याआधीचं पान सरळ जायचं. मग आभाळ, पाऊस, संध्याकाळ. मग संवादांखालचा निवेदक: पात्रानं जे बोलून टाकलंय, तेच हा पुन्हा समजावून सांगत बसलेला असायचा. एवढं एकट्याला जमतं. पुढचं मात्र मामींमुळे जमलं.

मामी म्हणजे घरमालकीणबाई. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. व्यंकोजीराजांच्या काळापासून तमिळ मुलखात रुजलेलं कुळ. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नव्हता. देवनागरी वाचायची सवय नव्हती, पण ऐकायची हौस दांडगी. संध्याकाळी त्या ओट्यावर अबोलीचे गजरे ओवत बसायच्या आणि मी समोर बसून कथा वाचायचो. कथेनं धरलं की त्यांचा हात थांबायचा. मी कुठे मासिकी शब्दांच्या, विशेषणांच्या रानात शिरलो की हात पुन्हा चालू. हात चालू झाला त्या ओळीशी मी समासात एक टिंब द्यायचो. रात्री ती टिंबं पाहून खोडाखोड. पुण्यामुंबईच्या वाचकाला जे शब्द सवयीनं गोड लागतात, ते मामींना कळतच नसत. माणसं, भांडी, भांडणं, मरणं मात्र लख्ख कळत. याहून चांगली चाळणी मला पुढे कधी मिळाली नाही.

एकदा त्यांनी उलटंही केलं. दुसऱ्यांदा वाचून दाखवताना मध्येच विचारलं, ती विहीर कुठे गेली? जागा वाचवायला मी विहिरीचा परिच्छेद गाळला होता. तो परत आला, आणि त्याच्यासाठी नायकाचं अख्खं बालपण गेलं.

त्याच शहरात, टी. नगरमध्ये, तमिळ लेखक अशोकमित्रन राहत होते. १९५२ साली सिकंदराबादहून ते मद्रासला आले आणि चौदा वर्षं जेमिनी या सिनेमा स्टुडिओत नोकरीला होते. दिवसभर वर्तमानपत्रांची कात्रणं कापून फायलींत लावायची, हे त्यांचं काम; खोलीत डोकावणाऱ्याला वाटायचं, हा माणूस रिकामा बसलाय. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांची ‘तण्णीर’ ही पाणीटंचाईवरची छोटी कादंबरी १९७३ची. मी ती पुढे इंग्रजीतून वाचली. मद्रासची ती टंचाई मी ओळखत होतो: पंपाचा कोरडा दांडा, रांगेतले प्लॅस्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, लॉरी आली की उठणारा गलका. अशोकमित्रन हे सगळं साध्या, आखूड वाक्यांत मांडतात आणि कुठेही हुंदका लिहीत नाहीत. वाचणाऱ्याचा घसा मात्र कोरडा पडतो. गाळण्याची ही ताकद मी दुसऱ्या कुणात इतकी जवळून पाहिली नाही. आर. के. नारायणही इथलेच, पुरसवाकमचे. १९३५ साली त्यांची पहिली कादंबरी निघाली, तेव्हा इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीननी तिचं नाव बदलवलंच, शिवाय लेखकाचं लांबलचक नावही आखूड करवलं. नारायण यांनी ते मनावर घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

मद्रासची दिवाळी नरकचतुर्दशीच्या पहाटेच उरकते. मुंबईहून अंक यायचा तो त्यानंतर, पोस्टमनच्या हातून. तोवर मामींनी माझ्या वाटणीचं दीपावली मरुंदु, म्हणजे दिवाळीचं औषधी चाटण, आणि मुरुक्कू डब्यात जपून ठेवलेलं असायचं. विहिरीची कथा छापून आली त्या वर्षी त्यांनी ती छापील पानावरून पुन्हा सगळी वाचून घेतली. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, छान आहे, पण शेवटचं तेवढं कशाला? मुलगा बसमध्ये चढला तिथेच संपली की. पुढे ती कथा संग्रहात घेतली, तेव्हा मी तो शेवटचा परिच्छेद काढला.